गोरिल्ल्यांच्या फोटोंसाठी सहाशेची लेन्स न्यावी का?

प्रश्न नागपूरच्या एका वाचकाचा आहे, थोडक्यात असा: "आठ वर्षं ताडोबा, पेंच, उमरेड करतोय. ऑगस्टमध्ये पत्नीसोबत माउंटन गोरिल्ला पाहायला जायचं ठरतंय. रवांडा की युगांडा? माझ्याकडे १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, तीच नेऊ की सहाशेची प्राइम (झूम नसलेली लेन्स) भाड्याने घेऊ? सेटिंग काय ठेवू? एका तासात खरंच काही हाती लागतं का?"

लेन्सपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी तिचीच दिसते. भाड्याने घेऊ नका. घरी आहे तीही नेऊ नका.

ताडोबात आपण जिप्सीत बसतो, बीनबॅगवर लेन्स टेकवतो आणि पन्नास-साठ मीटरवरच्या वाघाची वाट बघतो. तिथे अडचण अंतराची असते, म्हणून आपले सगळे पैसे फोकल लेंग्थवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर जातात. गोरिल्ल्यांकडे तुम्ही पायी जाता आणि नियमाने १० मीटरवर उभे राहता. (पूर्वी ७ मीटर होते, कोविडनंतर वाढवले.) आता गणित करा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली तर १० मीटरवर तुमच्या चौकटीत जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच एवढाच तुकडा मावतो. पूर्ण वाढलेल्या नराचं डोकंच जवळजवळ तेवढं असतं. म्हणजे तासभर तुम्ही फक्त कपाळ आणि नाकपुड्या काढणार. तोच नर अंग हलवून चारेक मीटरवर आला, की सहाशेच्या प्राइमचं किमान फोकस अंतरही संपतं. २०० मिमीला त्याच जागेवरून १.८ बाय १.२ मीटरची चौकट मिळते, म्हणजे बसलेला नर आरामात. ७० मिमीला पाच मीटर रुंदीत अख्खं कुटुंब येतं.

म्हणून ७०-२०० एफ २.८ ही पहिली लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). दुसऱ्या कॅमेरा-बॉडीवर २४-७० किंवा एखादी ३५. बस. माझ्या सुरुवातीच्या एका ट्रेकमध्ये सोबतच्या गृहस्थांनी तीन किलोची प्राइम चार तास चिखलातून वाहून नेली (म्हणजे पोर्टरने नेली) आणि शेवटी सगळ्यात चांगला फोटो त्यांच्या मोबाइलवर निघाला. १००-४०० घेऊन जाणारेही भेटतात. भर दुपारी मोकळ्यावर गोरिल्ले सापडले तर ती छान चालते, पण युगांडातल्या ब्विंडी जंगलाच्या झाडीत एफ ५.६ म्हणजे अंधाराशी कुस्ती.

आणि खरी गोष्ट अंधाराचीच आहे. गोरिल्ला जवळ आहे, तो पळत नाही, तासभर समोर असतो. तरीही परत आलेल्या शंभर माणसांतल्या नव्वद जणांचे फोटो सारखेच दिसतात: हिरव्यागार पानांत एक काळा ढिगारा, त्यात डोळे कुठे आहेत ते शोधावं लागतं. काळ्या केसांचा, काळ्या कातडीचा, खोल गेलेल्या डोळ्यांचा प्राणी, वरून झाडांचं छत. वाघ स्वतःच रंग आणि पट्टे घेऊन येतो, इथे सगळं तुम्हाला उजेडातून काढायचं आहे. सेटिंगविषयी खाली जे लिहितोय ते सगळं या एका अडचणीभोवती फिरतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर जगाला मधल्या राखाडी रंगाचं समजतो. चौकटभर काळा गोरिल्ला दाखवला की तो एक्सपोजर वाढवतो आणि काळ्याचा धुरकट राखाडी करतो. शिवाय शटर विनाकारण मंद होतं. म्हणून चेहरा किंवा शरीर चौकट भरत असेल तर मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) उणे १ च्या आसपास ठेवतो. पण "गोरिल्ला म्हणजे उणे १" असं पाठ करून जाऊ नका. तो चौकटीच्या चौथ्या भागात असेल आणि बाकी हिरवी पानं असतील, तर पानं मुळात मधल्या टोनची असतात, उणे ०.३ पुरतं. आणि पिल्लू झाडावर चढून आभाळासमोर बसलं तर उलटं, अधिक १ किंवा अधिक १.७ सुद्धा, नाहीतर सावलीच्या खेळातली बाहुली मिळेल. कॉम्पेन्सेशनची चकती न बघता फिरवता आली पाहिजे. घरी काळी बॅग सोफ्यावर ठेवून, मग कुंडीजवळ ठेवून, मग खिडकीत ठेवून सराव करा. हसू नका, मी पत्नीची काळी लोकरी शाल वापरून तीन संध्याकाळी हेच केलं होतं.

अंधाराला घाबरून फार कमी एक्सपोज करण्याचा मोहही टाळा. "रॉ (कच्ची फाइल) आहे, नंतर उजळू" हे गोरिल्ल्याच्या बाबतीत महागात पडतं. उचललेल्या सावल्यांत केसांऐवजी रंगीत दाणे निघतात, आणि या प्राण्याचं सगळं सौंदर्य केसांच्या पोतात आहे. मी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला बिनदिक्कत जातो, ६४०० लाही. नीट एक्सपोज केलेला ६४०० हा ओढूनताणून उजळलेल्या १६०० पेक्षा केव्हाही बरा. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या टोनचा आलेख) डावीकडे दाटलेला दिसणारच, फक्त डाव्या भिंतीवर आपटून कापला जाऊ देऊ नका. उजवीकडे लक्ष ठेवायचं ते ओल्या पानांच्या चकाकीवर आणि नराच्या रुपेरी पाठीवर. पाऊस थांबल्यावर ती पाठ इतकी चमकते की जळून पांढरी होते.

माझी पद्धत: मॅन्युअल मोड, अॅपर्चर (म्हणजे एफचा आकडा) आणि शटर हाताने, आयएसओ ऑटो, आणि वर कॉम्पेन्सेशन. शटर बसलेल्या जनावरासाठी १/२५० सेकंद, खेळणाऱ्या पिल्लांसाठी १/५०० च्या वर. तुमच्या हातांचाही विचार करा. तीन तास चढून आलेल्या माणसाची छाती भात्यासारखी चालू असते. पहिल्या फोटोंना १/५०० च्या खाली जाऊच नका. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) नेला तर चढताना काठी म्हणूनही चालतो. ट्रायपॉड उघडायला तिथे सपाट जागाच नसते.

अॅपर्चरविषयी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २०० मिमी, एफ २.८, ७ मीटर: धारदार पट्टा जेमतेम २० सेंटिमीटर. १० मीटरवर तो ४० च्या पुढे जातो. पण गोरिल्ला स्वतःहून ५ मीटरवर आला (येतात, त्यांनी नियम वाचलेले नसतात) तर तो १० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे डोळा धारदार आणि नाकाचा शेंडा धूसर. जवळ आला की एफ ४ किंवा ५.६ करा. दोन चेहरे हवे असतील, आई आणि कुशीतलं पिल्लू, तरीही तेच.

फोकस. हल्लीचे कॅमेरे प्राण्यांचा डोळा ओळखतात, पण काळ्या चेहऱ्यातला गडद तपकिरी डोळा, त्यासमोर एक गवताचं पातं, एवढ्याने यंत्रणा गोंधळते आणि पात्यावर जाऊन बसते. मी सिंगल पॉइंट ठेवतो आणि दोन डोळ्यांच्या मधल्या सुरकुत्यांवर धरतो. तिथे कॉन्ट्रास्ट असतो, कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी मिळतं. योगायोग असा की नाकावरच्या याच सुरकुत्या आणि नाकपुड्यांचा आकार पाहून संशोधक एकेका गोरिल्ल्याला ओळखतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखं. फ्लॅश सक्त मना आहे. फोकससाठी जो छोटा लाल किंवा हिरवा दिवा लागतो तोही मेनूत जाऊन आदल्या रात्रीच बंद करा, हे भलेभले विसरतात.

डोळा उजळणं हे सेटिंगचं काम नाही, जागेचं आहे. भुवयांचं हाड इतकं पुढे आलेलं असतं की वरून पडणारा उजेड डोळ्यात शिरतच नाही. गोरिल्ला खाली पाहून पाला सोलत असेल तोवर बटण दाबू नका, नुसतं धरून राहा. तो मान वर करतो, छतातल्या एखाद्या भोकाकडे, किंवा पिल्लू ओरडलं तिकडे. त्या अर्ध्या सेकंदात आभाळाचा एक ठिपका बुबुळात येतो आणि काळ्या ढिगाऱ्यातून कुणीतरी आपल्याकडे बघायला लागतं. त्यासाठी उतारावर खालच्या बाजूला उभं राहणं फायद्याचं. वरच्या बाजूने फक्त डोक्याचा शेंडा मिळतो. गाइडला आधीच सांगून ठेवा की मला शक्यतो खालच्या अंगाला उभं करा. ते समजून घेतात.

ढगाळ दिवस मागा. ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा हंगाम (जून ते सप्टेंबर, आणि पुन्हा डिसेंबर ते फेब्रुवारी), पायवाट बरी असते, पण कडक ऊन पडलं तर पानांमधून गाळून आलेले उन्हाचे चट्टे काळ्या अंगावर पडतात आणि कुठलंही सेटिंग ते वाचवू शकत नाही. अशा वेळी मी एकच करतो: पूर्ण सावलीत बसलेला एखादा गोरिल्ला शोधतो आणि चौकटीतून उन्हाचा तुकडा कटाक्षाने बाहेर ठेवतो. उलट पाऊस आला तर खूश व्हा. पावसात गोरिल्ले हात छातीशी घट्ट बांधून, खांदे वर करून, सरकारी कार्यालयात नंबर लागायची वाट पाहणाऱ्या माणसासारखे बसून राहतात. केसांवर थेंबांचे मणी असतात. माझे स्वतःचे आवडते चार फोटो पावसातलेच आहेत.

आता रवांडा की युगांडा. माउंटन गोरिल्ले जगात दोनच ठिकाणी आहेत: विरुंगा ज्वालामुखींची रांग, जी रवांडा, युगांडा आणि काँगो या तिघांत वाटली गेली आहे, आणि युगांडातलं ब्विंडी, ज्याला लागून काँगोचा छोटा सराम्ब्वे भाग आहे. विरुंगात २०१५-१६ च्या गणनेत ६०४, ब्विंडी-सराम्ब्वेत २०१८ च्या गणनेत ४५९, मिळून १०६३. २०१८ मध्येच त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं गेलं, मोठ्या वानरांच्या बाबतीत अशी बातमी दुर्मीळच. काँगोची बाजू सध्या सुरक्षेच्या कारणाने सोडून द्या.

रवांडात परवाना १५०० डॉलर, माणशी, एका तासाचा. युगांडात ८०० डॉलर. दोन्हीकडे एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं भेटतात, आणि वय १५ पूर्ण असावं लागतं. रवांडाचं जंगल मला फोटोसाठी जास्त सोपं वाटतं: बांबूचे पट्टे, मध्येच मोकळी गवताळ जागा, हागेनियाची शेवाळलेली झाडं, गोरिल्ल्यांचे केसही थंडीमुळे लांब. किगाली विमानतळापासून किनिगी, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतात ते ठिकाण, अडीच तासांच्या आत. ब्विंडी दाट, अंधारं, उतार अंगावर येणारे. युगांडाच्या एंटेबे विमानतळाहून गाडीने जवळपास अख्खा दिवस मोडतो. (किगालीत उतरून सीमा ओलांडून दक्षिणेकडच्या रुशागा किंवा न्कुरिंगो भागात जाणं बरंच सोयीचं. दोन्ही देशांना चालणारा १०० डॉलरचा ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा मिळतो.)

तरीही माझं उत्तर युगांडा, आणि कारण फोटोचंच आहे. रवांडातल्या एका तासाच्या पैशात युगांडात जवळजवळ दोन तास येतात, दोन वेगळ्या दिवशी. पहिला तास वाया जातो, हे मी ठामपणे सांगतो. तुमचा जाईल, माझा गेला, सगळ्यांचा जातो. इतक्या जवळून तो प्राणी दिसल्यावर माणूस बर्स्ट (सलग फोटो) लावून बटण दाबत सुटतो. पहिल्या दिवशी मी चौदाशे फ्रेम आणल्या. रात्री लॉजवर बघितल्या तर पाठमोरे, अर्धे झाकलेले, डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी दोनशे काढल्या आणि त्यातल्या नऊ ठेवल्या. पैशांची अडचण नसेल तर रवांडात दोन दिवस करा, पण रवांडातला एकच दिवस परवडत असेल आणि निवड करायची असेल तर युगांडात दोन. शिवाय ब्विंडीत रुशागा भागात, माणसांची सवय अजून होत असलेल्या कुटुंबासोबत चार तास घालवायची सोय आहे. शुल्क बरंच जास्त, माणसं कमी, आणि ते गोरिल्ले पुढेपुढे सरकत राहतात, त्यामुळे चार तासांतले किती चालण्यात जातील याची हमी नाही. पहिल्या खेपेला नको.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी घडतं ते असं. ट्रॅकर पहाटेच निघालेले असतात. गोरिल्ले रोज रात्री नव्याने पाला-फांद्यांची घरटी करतात, ट्रॅकर कालच्या जागेवरून माग काढत त्या घरट्यांपर्यंत आणि तिथून कुटुंबापर्यंत पोहोचतात आणि वायरलेसवर कळवतात. तुम्ही सातच्या सुमाराला मुख्यालयात, तिथे गट पाडले जातात. चालणं तासाभराचं असू शकतं, पाच तासांचंही. कळसूबाई चढलेले असाल तर दम किती लागतो याचा अंदाज तिच्यावरून बांधू नका: आपलं शिखर १६४६ मीटरवर आहे, किनिगीला चालायची सुरुवातच त्याहून वर होते. गट पाडताना गाइडला नम्रपणे सांगा की फोटो काढायचे आहेत, पिल्लं असलेलं आणि फार लांब नसलेलं कुटुंब मिळालं तर बरं. नेहमी ऐकलं जातंच असं नाही, पण न बोललेल्या माणसाचं तर नक्कीच ऐकलं जात नाही.

पोर्टर घ्या. तुम्ही कितीही सह्याद्री तुडवलेला असो. वीसेक डॉलर लागतात, बॅग तो वाहतो, चढावर हात देतो, आणि त्या भागात जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला गोरिल्ला जिवंत राहिल्याचा थेट फायदा होतो. युगांडात पूर्वी फासे लावणाऱ्यांतलेही काही आता हे काम करतात. २०२० च्या जूनमध्ये न्कुरिंगो कुटुंबाचा प्रसिद्ध नर रफिकी एका शिकाऱ्याच्या भाल्याने मेला आणि त्या माणसाला ११ वर्षांची शिक्षा झाली. रफिकी गेला तेव्हा त्या डोंगरावरच्या अनेक घरांचा पगारच गेल्यासारखं झालं होतं. हरणांसाठी लावलेल्या फाशांत गोरिल्ल्यांचे हातही अडकतात. एका हाताचा पंजा नसलेली मादी तुम्हाला दिसू शकते. तिचा फोटो काढा. सुंदर फोटोंच्या गर्दीत तो एक वेगळा बोलेल.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली, हातात बागकामाचे जाड मोजे. तिथली आग्यासारखी झुडपं दोन कापडांतूनही डसतात, आणि त्याच झुडपांची पानं गोरिल्ले चवीने खात बसलेले दिसतात. पावसासाठी आपण सह्याद्रीत जशा प्लास्टिकच्या पिशव्या कोंबून नेतो तशा नेऊ नका. रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ट्रेकच्या दुकानात मिळणारी ड्राय बॅग, सिलिका जेलच्या पुड्या आणि लेन्स पुसायची दोन कोरडी फडकी. लेन्स जंगलात बदलायची नाही, म्हणून दोन बॉडी म्हणतोय. एकच असेल तर ७०-२०० लावून सोडा आणि रुंद फोटो मोबाइलवर काढा.

मास्कविषयी स्वतंत्र लिहितो, कारण त्याने माझी पंधरा मिनिटं खाल्ली होती. साठातली पंधरा! कोविडनंतर गोरिल्ल्यांसमोर मास्क लावायचा असतो. चढून दमलेल्या माणसाचा गरम श्वास मास्कच्या वरच्या कडेतून थेट व्ह्यूफाइंडरवर जातो. चष्मा असेल तर दुप्पट वाफ. मी रुमालाने पुसत राहिलो आणि तेवढ्यात दोन पिल्लांची कुस्ती सुरू होऊन संपलीही. नाकावर तार असलेलाच मास्क घ्या आणि वरची कड कागदी वैद्यकीय चिकटपट्टीने गालांना चिकटवा. दिसायला विनोदी दिसतं. चालतं. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सवयही करून जा.

हा मास्क दाखवण्यापुरता नाही. २००९ साली रवांडातल्या हिरवा नावाच्या कुटुंबात माणसात आढळणाऱ्या एका श्वसनविषाणूची साथ पसरली आणि त्यात एक मादी व एक पिल्लू दगावलं. (या हिरव्याचा आपल्या रंगाशी संबंध नाही, किन्यारवांडा भाषेत त्याचा अर्थ नशीबवान.) सर्दी-खोकला असेल तर गाइडला खरं सांगा, पंधराशे डॉलर गेले तरी. आणि १० मीटरचा नियम तुमच्या बाजूने पाळा. गोरिल्ला जवळ आला तर गाइड मागे सरकायला सांगेल, तेव्हा "एकच, एकच" करत रेंगाळू नका. पाठ करून सेल्फी तर नकोच. एकतर तो फोटो वाईट असतो, दुसरं म्हणजे बघणाऱ्याला वाटतं इतकं जवळ जायचंच असतं, आणि पुढचा माणूस गाइडकडे तोच हट्ट धरतो.

वागण्याचं सांगायचं तर, पोहोचण्याआधी बॅगा आणि काठ्या ट्रॅकरकडे ठेवून फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचं असतं. घड्याळ तिथून सुरू होतं. गाइड घशातून "म्म्‌ऽऽ, म्म्‌" असा लांब खाकरल्यासारखा आवाज काढतो, तो 'आम्ही आहोत, सगळं ठीक' असा निरोप असतो, आणि पलीकडून तसंच उत्तर येतं. तुटक, खोकल्यासारखा आवाज आला तर तो इशारा समजा. नर अंगावर धावून आल्याचं नाटक करतो तेव्हा पळायचं नाही, खाली बसायचं, नजर जमिनीकडे, कॅमेरा छातीशी. हे सांगायला सोपं आहे. माझ्यावर एकदाच आला, तीन मीटरवर थांबला, बाजूने निघून गेला. त्या प्रसंगाची माझ्याकडे एकही फ्रेम नाही आणि असायलाही नको.

छाती पिटण्याचा फोटो सगळ्यांना हवा असतो. तो मागितला म्हणून मिळत नाही. पण त्याआधी बहुतेक वेळा 'हू-हू-हू' असे वाढत जाणारे हुंकार येतात. ते ऐकू आले की शटर १/१००० करा आणि चौकट सैल ठेवा, कारण तो उभा राहतो आणि घट्ट चौकटीत हात कापले जातात. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. इलेक्ट्रॉनिक शटर एरवी छान, आवाज नाही, पण इतक्या वेगाच्या हातांना ते वाकडं करतं, तेव्हा मेकॅनिकल. अर्थात पिल्लं दर दहा मिनिटांनी छाती पिटून स्वतःच कोलमडतात, आणि मला विचाराल तर तेच फोटो जास्त जिवंत असतात.

तास कसा वापरायचा? पहिली पाच मिनिटं कॅमेरा खाली. कोण कुठे आहे, नर कुठे बसलाय, पिल्लं कोणाभोवती आहेत, उजेड कुठून येतोय, एवढं बघा. दहा ते बाराच्या दरम्यान पोहोचलात तर कुटुंब बहुधा विश्रांतीला बसलेलं असतं. नर आडवा, माद्या एकमेकींचे केस निवडतायत, पिल्लं नराच्या पोटावरून घसरगुंडी खेळतायत. हाच सगळ्यात मोलाचा वेळ. सगळे पर्यटक नराकडे लेन्स लावून असतात, तेव्हा तुम्ही पिल्लाकडे बघा, कारण नर वीस मिनिटं हलणार नाही. मध्येच हातांचे फोटो काढा, पाय, नखं, पाल्याचा देठ सोलणारी बोटं. चेहऱ्यासमोर पातं येत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरका. गाइड कोयत्याने एखादी फांदी बाजूला करतो, पण अजून तोडा म्हणून मागे लागू नका.

घरी आल्यावर संगणकावर दोनच गोष्टी. हिरव्या छताखाली काढलेल्या काळ्या केसांवर हिरवट आणि आभाळाचा निळसर रंग चढतो. व्हाइट बॅलन्स सरसकट बदलण्याऐवजी केसांपुरता निळ्या-हिरव्याचा रंगगडदपणा कमी करा. आणि काळं काळंच राहू द्या, सावल्यांची पट्टी उजवीकडे ओढत बसू नका. गोरिल्ल्यांचे निम्मे कृष्णधवल फोटो कलात्मक दृष्टीमुळे नव्हे, तर हा हिरवा रंग आवरला नाही म्हणून कृष्णधवल झालेले असतात. माझेही काही आहेत.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. युगांडात शिरताना विचारतात, आणि परतताना कार्ड नसेल तर आपल्याकडे विमानतळावरूनच सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लसीकरण केंद्रं मोजकी आहेत, नागपुरातून वेळ कधी मिळते ते आत्ताच विचारा.

पत्नीचं म्हणाल, तर त्यांच्या हातात दुसरा मोठा कॅमेरा देऊ नका. मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, स्थिर, दोन-दोन मिनिटांचे, मध्ये न बोलता. पाला तोडल्याचा, ढेकर दिल्याचा, पिल्लाच्या हसण्यासारख्या धापांचा आवाज तुमच्या कुठल्याच फोटोत येणार नाही. माझ्याकडे पहिल्या दिवसाचा असा एकच व्हिडिओ आहे, सेहेचाळीस सेकंदांचा. त्यातले शेवटचे दहा सेकंद मीच "बॅटरी, बॅटरी कुठे आहे" म्हणून कुजबुजतोय.

तेव्हा दोन जादा बॅटऱ्या, शर्टाच्या आतल्या खिशात. थंडीत त्या लवकर उतरतात.